स्प्रिंगला हुक न लावता: स्ट्रट खोलायच्या घरगुती साधनाचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

मध्यम वजनाची एक गाडी, पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग एकत्र असलेला खांब. डाव्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल झिरपून स्प्रिंगची खालची दोन वेटोळी ओली झालेली. स्ट्रट गाडीतून काढून बाकावर घेतला होता. आतला शॉकॲब्सॉर्बर बदलायचा तर वरचा मधला नट सोडायला हवा आणि तो सोडण्याआधी स्प्रिंग दाबून धरायला हवी. त्यासाठी घरीच एक साधन केलेले होते: एम १२ मापाच्या, म्हणजे १२ मिमी व्यासाच्या, दोन थ्रेडेड सळया, त्यांच्या टोकांना १२ मिमीची गोल सळई तापवून वाकवलेले हुक, आणि हुक ज्या पट्टीवर वेल्ड केले तिच्यातल्या भोकातून जाणारी सळई. सळयांवर ग्रेडचा, म्हणजे ताकदीच्या श्रेणीचा, कोणताही ठसा नव्हता. दोन्ही साधने स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना लावून नट आळीपाळीने आवळले जात होते.

साधारण ३० मिमी दाबल्यावर दोन गोष्टी एकदम दिसल्या. दोन्ही सळया मधोमध आतल्या, स्प्रिंगच्या बाजूला बाकल्या होत्या, आणि तेलकट बाजूचा हुक तारेवरून सरकत जाऊन समोरासमोर असलेले हुक आता एकाच बाजूला जवळ येऊ लागले होते. स्प्रिंगचे पोट एका अंगाला फुगले होते. काम तिथेच थांबवून नट तसेच हळूहळू उलटे फिरवले गेले, म्हणून कोणाला इजा झाली नाही. मधला नट तोवर जागेवर होता, ही त्यातली सगळ्यात मोठी कृपा. तो आधीच सैल केलेला असता तर बाकलेल्या दोन सळयांखेरीज स्प्रिंगला अडवणारे काहीच उरले नसते.

स्प्रिंगमध्ये किती जोर साठलेला होता

स्प्रिंगची मापे व्हर्नियरने घेतली: तारेचा व्यास १४ मिमी, वेटोळ्याचा मध्य व्यास १५० मिमी, काम करणारी वेटोळी ५, मोकळी लांबी ४०० मिमी. स्ट्रट पूर्ण लांबलेला असताना स्प्रिंग २९० मिमी होती. स्प्रिंग पोलादाचा कातर मापांक ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, त्याला तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने गुणले आणि आठ, मध्य व्यासाचा घन व वेटोळी यांच्या गुणाकाराने भागले, की स्प्रिंगचा ताठपणा मिळतो. इथे तो २२.५ न्यूटन प्रति मिमी आला. म्हणजे प्रत्येक मिलिमीटर दाबायला सुमारे २.३ किलो.

गाडीतून बाहेर काढलेला स्ट्रट निवांत पडलेला दिसतो, पण त्यातली स्प्रिंग ११० मिमी दाबलेलीच असते. वरचा नट त्या क्षणी २,४७५ न्यूटन, म्हणजे अडीचशे किलोचा जोर धरून असतो.

आता हुकांचे बघू. हुक कधीच सगळी वेटोळी पकडत नाहीत. इथे पाचपैकी साडेतीन पकडली होती. उरलेली दीड वेटोळी मोकळी सुटून लांबतात, आणि त्यांची भरपाई पकडलेल्या साडेतीनांना करावी लागते. साडेतीन वेटोळ्यांचा ताठपणा ३२ न्यूटन प्रति मिमी होतो, कारण वेटोळी कमी झाली की स्प्रिंग ताठर होते. वरची बैठक, म्हणजे स्प्रिंगचे टोक जिच्यावर टेकते ती थाळी, १० मिमीने मोकळी व्हावी म्हणून एवढ्याच भागाला १२० मिमी दाबावे लागते. जोर होतो सुमारे ३,८५० न्यूटन आणि साठलेली ऊर्जा २३० ज्यूल. २३ किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे, तेवढी. सगळी स्प्रिंग बैठकीपासून बैठकीपर्यंत तेवढीच १२० मिमी दाबली, तर जोर २,७०० न्यूटन आणि ऊर्जा १६२ ज्यूल. काम तेच, पण हुक लावल्यामुळे धोका जवळजवळ दीडपट झाला. घरगुती साधन करणारे बहुतेक जण इथेच चुकतात, कारण दोन्ही पद्धतींत स्प्रिंग डोळ्यांना सारखीच दाबलेली दिसते.

सळया का वाकल्या

एम १२ सळईचे ताण घेणारे क्षेत्र ८४.३ चौरस मिमी असते. शेवटपर्यंत दाबले असते तरी प्रत्येक सळईवर १,९३० न्यूटन आले असते, म्हणजे ताण फक्त २३ मेगापास्कल. साध्यातली साधी सळईही याला पुरून उरते. म्हणूनच "सळई जाड घ्या" हा नेहमीचा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही.

खरा घोळ अंतराचा आहे. जोर तारेवर येतो आणि सळई तारेच्या बाहेरून जाते. या साधनात तारेचा मध्य आणि सळईचा मध्य यांत २५ मिमी अंतर होते. एवढ्या अंतरावरून खेचले की सळईला पीळ नव्हे, बाक बसतो. आट्यांच्या तळाशी सळईचा व्यास १० मिमीच्या आसपास उरतो. १,९३० न्यूटनला २५ मिमीने गुणून येणारा आघूर्ण, म्हणजे वाकवणारा जोर, तिथे ४९० मेगापास्कलचा ताण निर्माण करतो. साध्या, ठसा नसलेल्या सळया बहुधा ४.८ ग्रेडच्या असतात. त्या ३२० मेगापास्कलच्या आसपास कायमच्या वाकू लागतात. स्प्रिंग आधीच दाबलेली होती, म्हणून उलटा हिशेब केला तर हुक आणखी २४ मिमी जवळ आणले की ही मर्यादा गाठली जाते. बाक ३० मिमीवर डोळ्यांना दिसला, तो यामुळेच.

हुक सरकण्याचे कारणही मापातच आहे. २९० मिमी लांबीवर दोन वेटोळ्यांतले अंतर ५२ मिमी, आणि एका वेटोळ्याचा परीघ ४७१ मिमी. म्हणजे तारेला दर शंभराला अकराचा उतार. तेल लागलेल्या रंगावर पोलादाचे घर्षण तेवढेच, किंवा त्याहून कमी भरते. हुक ज्या तारेवर टेकला आहे ती त्याच्यासाठी घसरगुंडीच असते. कोरड्या स्प्रिंगवर तो धरतो, गळक्या शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगवर धरत नाही, आणि स्ट्रट खोलायची वेळ तर मुख्यतः शॉकॲब्सॉर्बर गळतो तेव्हाच येते. हुकाला रबर गुंडाळणे हा उपाय वाटतो, पण रबर जोराखाली चेपते आणि तेलात आणखी निसटते.

नवे साधन: गाडी जशी धरते तसेच धरायचे

गाडीत स्प्रिंगला कोणी हुक लावत नाही. ती खालच्या बैठकीवर उभी असते आणि वरचे माउंटिंग, म्हणजे स्ट्रटला बॉडीशी जोडणारा भाग, बॉडीच्या पत्र्याला खालून टेकलेले असते. नव्या साधनात याच रचनेची नक्कल केली. वर एक प्लेट, ती बॉडीच्या जागी. खाली स्ट्रटच्या नळीला कवेत घेणारी दुसरी प्लेट, ती खालच्या बैठकीखाली. दोन्हींना जोडणाऱ्या तीन सळया स्प्रिंगच्या बाहेरून. सळया जवळ आणल्या की दोन्ही बैठका जवळ येतात. स्प्रिंगच्या तारेला साधन शिवतही नाही.

वरची प्लेट १२ मिमी जाड, २६० मिमी व्यासाची. मधे माउंटिंगच्या फुगवट्यापुरते मोठे भोक, त्यातून मधल्या नटापर्यंत पाना पोचतो. माउंटिंगच्या तीन स्टडसाठी, म्हणजे त्यातून वर आलेल्या बोल्टांसाठी, त्यांच्या व्यासापेक्षा १ मिमी मोठी तीन भोके. या जागा कागदावर छाप घेऊन उतरवणे सगळ्यात सोपे: माउंटिंगवर कागद दाबायचा, स्टडच्या कडा उमटतात. स्प्रिंगचा जोर माउंटिंगला प्लेटवर दाबतो, म्हणून स्टडवर ओढ येत नाही. ते फक्त जागा धरतात.

खालची प्लेट १६ मिमी जाड. जास्त जाड का, तर तिला एका बाजूने उघडी खाच कापावी लागते आणि त्यामुळे ती कमजोर होते. नळीचा व्यास ५१ मिमी होता, खाच ५६ मिमी ठेवली. बैठकीची खालची बाजू सपाट नसते. ती बशीसारखी असते, तिच्या कडेला कुठे तरी ब्रेकच्या होजची पकड असते. म्हणून ९० मिमी बाहेरच्या व्यासाच्या जाड पाइपाचा २५ मिमी उंचीचा तुकडा खाचेएवढा उघडा कापून प्लेटवर वेल्ड केला. तो नळीजवळ, बैठकीच्या भक्कम भागाला टेकतो. हा वेल्ड दाबात राहतो. ओढ घेणारा एकही वेल्ड या साधनात नाही, आणि ते मुद्दाम आहे. घरच्या वेल्डिंगमध्ये आत पोकळी राहिली की ती बाहेरून कळत नाही.

खाचेचे तोंड उघडे सोडायचे नाही. प्लेट नळीवर सरकवली की ४० बाय १० मिमीची पट्टी दोन एम १० बोल्टांनी तोंडावर आवळायची. नव्या साधनात अपघाताचा एकच खराखुरा मार्ग उरतो: खालची प्लेट बैठकीखालून निसटणे. ही पट्टी तो बंद करते. काही जण प्रत्येक सळईवर राखीव दुसरा नट लावायचे सुचवतात. त्याला विरोध नाही, पण एम १६ च्या आट्यांना ९०० न्यूटन म्हणजे काहीच नाही. लक्ष द्यायचे ते पट्टीकडे.

सळया एम १६, ग्रेड ८.८, प्रत्येकी ७०० मिमी. टोकावर ८.८ असा ठसा किंवा पिवळा रंग पाहून घ्यायच्या. १०.९ किंवा १२.९ घ्यायचा मोह टाळावा. जस्ताचा मुलामा दिलेली फार कडक सळई हायड्रोजनमुळे अचानक तुटू शकते, आणि ८.८ तुटण्याआधी वाकून सावध करते. या सळयांवर काहीही वेल्ड करायचे नाही. त्यांची ताकद तापवून, बुडवून, परत मऊ करून आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती तिथल्या तिथे जाते.

सळयांची भोके मध्यापासून १०५ मिमीवर, १२० अंशांच्या अंतराने, खाच दोन सळयांच्या बरोबर मधे येईल अशी. वरच्या बैठकीची कड ८७ मिमीवर होती, म्हणून सळईची आतली बाजू तिच्यापासून ९ ते १० मिमी दूर राहते. भोके २० मिमीची, मुद्दाम मोठी. प्रत्येक नटाखाली गोलाकार वायसरची जोडी, म्हणजे एक फुगीर आणि एक खळगा असलेला. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगचा अक्ष स्ट्रटच्या अक्षाशी थोडा तिरका ठेवलेला असतो, त्यामुळे प्लेट किंचित कलतेच. वायसर फिरू शकला तर कल त्याच्यात जिरतो. नट घट्ट सपाट बसला तर तोच कल सळईला वाकवतो, म्हणजे जुने दुखणे नव्या साधनात येते. फिरवायच्या बाजूला, वर, ४८ मिमी लांबीचे लांब नट. खाली दोन साधे नट एकमेकांवर आवळलेले. सळयांच्या वरच्या टोकाला आणखी एक-एक नट पक्का आवळून ठेवायचा, म्हणजे सैल करताना लांब नट सळईवरून निघून जाणार नाही. आट्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस.

वापरण्याआधीची चाचणी

स्ट्रटशिवाय, नुसती चांगली स्प्रिंग दोन प्लेटांमध्ये उभी केली. तारेचे टोक प्लेटवर घसरू नये म्हणून दोन्हीकडे जुन्या बैठका ठेवल्या. ती २२० मिमीपर्यंत दाबली, म्हणजे १८० मिमी दाब आणि ४,०५० न्यूटन, कामात लागणाऱ्या जोराच्या दीडपट. वेटोळी एकमेकांना टेकण्याची लांबी सुमारे ९१ मिमी होती, तेव्हा स्प्रिंगलाही धक्का नव्हता. पंधरा मिनिटे तशीच ठेवली, मधे भक्कम लाकडी आडोसा. सैल केल्यावर प्रत्येक सळई सपाट काचेवर घरंगळवून पाहिली आणि खाचेच्या कोपऱ्यांवर भेगा दाखवणारा रंग लावला. खाचेचा आतला शेवट अर्धगोल असावा, कोन नसावा. चौकोनी कोपऱ्यात भेग आधी फुटते.

स्ट्रट खोलताना

आधी बैठक तपासायची. खालची बैठक गंजून पापुद्रे सुटत असतील, टोकदार स्क्रूड्रायव्हर आत जात असेल, तर या साधनानेच काय, कशानेही तो स्ट्रट दाबायचा नाही. मग रंगाने खुणा: तारेचे खालचे टोक बैठकीच्या पायरीला कुठे टेकते, आणि माउंटिंग स्ट्रटच्या तुलनेत कोणत्या कोनात आहे. या खुणा नसल्या की परत बसवताना तासभर वाया जातो, आणि तार पायरी सोडून बसली तर चाक वळवताना स्प्रिंग टणकन उडी मारते.

स्ट्रट खालच्या पकडीने वाइसमध्ये उभा. वरची प्लेट स्टडवर, खालची नळीवर, पट्टी आवळलेली. तिन्ही नट हाताने टेकेपर्यंत आणायचे आणि तीन ठिकाणी दोन प्लेटांतले अंतर मोजून खडूने लिहायचे.

आता प्रत्येक नटाला अर्धा फेरा, नेहमी त्याच क्रमाने. एम १६ च्या आट्याची पायरी २ मिमी, म्हणजे अर्ध्या फेऱ्याला १ मिमी. तीन मापांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. तेवढ्यात प्लेट जेमतेम एक अंश कलते. एका नटाला साधारण ३ न्यूटन मीटर पुरतात, छोट्या पान्याला मनगटाचा हलका झोका. ही या साधनातली सगळ्यात उपयोगी खूण आहे: पान्याला जोर लावावा लागला, तर काहीतरी अडले आहे, आणि थांबून पाहायचे. नेमकी हीच जाणीव इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट फिरवणारे यंत्र, हिरावून घेते. शिवाय तिच्या वेगाने आटे तापून एकमेकांना चिकटतात, आणि एक बाजू दुसरीच्या पुढे पळते.

तिन्ही ठिकाणी अंतर १० मिमीने कमी झाले की शॉकॲब्सॉर्बरची दांडी आपल्या शेवटच्या टोकावरून आत सरकलेली असते आणि मधला नट स्प्रिंगच्या जोरातून मुक्त असतो. इथून पुढे एक मिलिमीटरही जास्त दाबायचे नाही. दांडी ॲलन कीने धरून मधला नट सोडायचा. चेहरा आणि छाती अक्षाच्या बाजूला. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर नट बोटांनी फिरायला हवा. तो प्रत्येक आट्याला तसाच जड राहिला तर थांबायचे: एकतर आटे गंजले आहेत, किंवा स्प्रिंग अजून त्याच्यावर टेकली आहे. पुन्हा अंतरे मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही.

नट निघाल्यावर तिन्ही लांब नट त्याच क्रमाने, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने सैल करायचे, स्प्रिंग ४०० मिमीला पोचून बैठकीत हलू लागेपर्यंत. प्रत्येक नटाचे साठ फेरे होतात. वेळ लागतो, पण त्या बदल्यात दाबलेली स्प्रिंग हातात धरून इकडून तिकडे न्यायचा प्रसंगच येत नाही. हुकांच्या पद्धतीत शॉकॲब्सॉर्बर बाहेर काढला तरी दाबलेली स्प्रिंग हुकांसकट बाकावर पडून राहते, आणि तिला धक्का लागायला एक घसरलेला पाना पुरतो.

परत बसवताना

क्रम उलटा, पण एक अडचण वेगळी आहे. वरची प्लेट खाली येते तेव्हा दांडीचे टोक माउंटिंगच्या भोकात बरोबर शिरले पाहिजे. गॅसवाली दांडी आपोआप पूर्ण वर येऊन उभी राहते. तेलवाली खाली बसते. तिच्या आट्यांवर लांब नट आणि त्यात एक बारीक सळई फिरवून ती माउंटिंगच्या भोकातून वर काढून ठेवायची आणि दर काही फेऱ्यांनी ओढायची. टोक भोकाच्या कडेला अडलेले असताना आवळत गेले तर आट्यांची कड मरते, मग नवा शॉकॲब्सॉर्बरच बाद. तारेचे टोक पायरीपासून बोटभरही दूर असेल तर सैल करून पुन्हा. मधला नट नवा, स्वतः अडणारा, आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने. तो पक्का झाल्यावरच प्लेटा सैल करायच्या.

कुठे वापरायचे नाही

ज्या माउंटिंगला स्टड नाहीत आणि जे नुसत्या रबरी वाटीत बसते, तिथे वरची प्लेट जागा धरू शकत नाही. तिच्यावर वाटीच्या मापाचे कडे बसवल्याशिवाय हे साधन लावू नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर मोकळी लांबी ठाऊक नसते, पण बैठकीपासून बैठकीपर्यंत धरणारे साधन तेव्हाही चालते. फक्त सैल करताना तुटके टोक कुठे सरकते यावर नजर ठेवायची. दोन विशबोनांच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या आडव्या भुजांच्या, मधली, गाडीतच उभी असलेली स्प्रिंग यासाठी नाही. जड गाड्यांच्या स्प्रिंगा आधी मापून घ्यायच्या: वरच्या सूत्राने जोर २,७०० न्यूटनच्या वर गेला, तर दीडपट चाचणीचा आधार संपतो, आणि मग भिंतीला बोल्ट केलेल्या तयार प्रेसवर काम नेणे हेच बरोबर.

ही मर्यादा वरच्या प्लेटवर पंचाने उमटवून ठेवलेली आहे: जास्तीत जास्त २,७०० न्यूटन, हाताच्या पान्यानेच. प्रत्येक वापरानंतर तिन्ही सळया काचेवर घरंगळतात. एखादीखाली अर्धा मिमीचा उजेड दिसला तर ती त्याच दिवशी कापून टाकायची, म्हणजे कोणी चुकून परत लावणार नाही.